रूळ नाहीत, म्हणून गाडी थांबवायची का?

मॉडेल रेल्वेचं इंजिन मिळतं, डबेही मिळतात. ज्यावर ते धावायचं ते रूळच मिळत नाहीत, मिळालेच तर परवडत नाहीत. हा तुटवडा येतो कुठून, आणि वर्धा-सावंगीसारख्या ठिकाणी बसून त्यावर काय करता येतं?

छंद म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, 'याचा उपयोग काय?' मॉडेल रेल्वेच्या बाबतीत तर तो दोनदा येतो, कारण घरच्यांच्या लेखी ती लहान पोरांची झुकझुकगाडी असते. पण ज्यानं एकदा छोटा का होईना, लेआउट बांधला, त्याला माहीत असतं की या खेळात सुतारकाम आहे, वायरिंग आहे, सोल्डरिंग आहे, भूमिती आहे आणि आता आर्डुइनो घेऊन सिग्नल चालवायचे तर कोडिंगसुद्धा आहे. एखादं इंजिनीअरिंगचं पोरगं पुस्तकात 'इंटरलॉकिंग' वाचतं आणि विसरतं. तेच दोन सांधे आणि दोन सिग्नल स्वतः जोडले की आयुष्यभर विसरत नाही.

अडचण अशी की या खेळाची सुरुवातच रुळांपासून होते आणि गेली काही वर्षं नेमके तेच अडकून बसले आहेत. महासाथीच्या काळात जगभर लोक घरात कोंडले गेले, माळ्यावरच्या जुन्या गाड्या खाली आल्या आणि रुळांची मागणी एकदम वाढली. त्याच वेळी कारखाने बंद होते. पुढे कारखाने उघडले, पण साखळी पूर्वीसारखी सुरळीत झाली नाही. आपल्याकडे त्यात आयातशुल्काची भर पडली.

इंजिनाआधी रूळच का संपतात?

मॉडेल रेल्वेचा रूळ दिसायला साधा. प्लास्टिकचे स्लीपर आणि त्यावर धातूच्या दोन पट्ट्या. पण ती पट्टी साधी पत्र्याची नसते. खऱ्या रुळासारखाच तिचा छेद असतो, वर डोकं, मध्ये बारीक कंबर, खाली पाय. धातू बहुधा 'निकेल सिल्व्हर', म्हणजे आपल्या आजीच्या भांड्यांमधलं जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. तो गंजत नाही आणि त्यातून वीज नीट वाहते, म्हणून वापरतात. स्लीपर मात्र साच्यातून निघतात. साचा बिघडला, दुसऱ्या कारखान्यात हलवला किंवा यंत्र दुसऱ्या मालासाठी लावलं, की तो रूळ बाजारातून गायब.

या धंद्यात माल वर्षभर सलग बनत नाही. एकदा हजारो तुकड्यांची बॅच काढायची, ती संपली की पुढची बॅच येईपर्यंत थांबायचं. कंपन्यांच्या दृष्टीनं नवं इंजिन आकर्षक, त्याची जाहिरात होते, त्यात पैसा मिळतो. रूळ म्हणजे किराणा दुकानातलं मीठ. नफा थोडा, पण नसलं तर स्वयंपाक अडतो.

बनवणारेही मोजकेच आहेत. ब्रिटनची पेको आपले रूळ इंग्लंडच्या डेव्हनमधल्या बिअर नावाच्या गावात बनवते. जपानची काटो आपल्या देशात बनवते. अमेरिकेच्या अॅटलसचे रूळ चीनमध्ये बनतात आणि महासाथीनंतर अमेरिकेतल्याच दुकानांत त्यांचा तुटवडा होता. ब्रिटनच्या हॉर्नबीनं तर १९९० च्या दशकातच आपलं उत्पादन चीनकडे वळवलं होतं. म्हणजे जगभरच्या लेआउटची नाडी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या कारखान्यांच्या हातात.

मग एक धक्का पुरतो, आणि इथं तर धक्क्यांची मालिकाच लागली. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि जवळपास आठवडाभर वाहतूक ठप्प झाली. त्याच वर्षी कंटेनरचं भाडं गगनाला भिडलं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं चिनी मालावरचा नवा आयातकर १४५ टक्क्यांपर्यंत नेला, मे महिन्यात तो ३० वर आणला. महिन्याभरात किंमत अशी वरखाली होणार असेल, तर छोट्या कंपनीनं पुढच्या बॅचची ऑर्डर कशाच्या भरवशावर द्यायची?

सत्तर टक्क्यांचं फाटक

आता आपल्याकडे येऊ. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात मॉडेल रेल्वे, तिचे रूळ आणि सिग्नल हे सगळं ९५०३ या शीर्षकाखाली येतं. म्हणजे खेळणी. तुम्ही तिशीतले इंजिनीअर असा नाहीतर साठीतले निवृत्त लोको पायलट, कस्टमच्या लेखी तुम्ही खेळणंच मागवलेलं असतं.

फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं. २०२३ मध्ये ते ७० झालं. साधा हिशेब करा. परदेशातून आणलेल्या हजार रुपयांच्या रुळांवर मूळ शुल्कच सातशे रुपये. त्यावर जीएसटी वेगळा, कुरिअरचा खर्च वेगळा. लांब रूळ पाठवायचे तर खोकंही लांब लागतं आणि लांब खोक्याला कुरिअरवाले जास्त पैसे घेतात.

दुसरं फाटक दर्जाचं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. हेतू चांगलाच होता. विषारी रंगाची, टोकदार, स्वस्तातली खेळणी बाजारात येत होती आणि ती मुलांच्या तोंडात जात होती. पण या आदेशातली खेळण्याची व्याख्या १४ वर्षांखालच्या मुलांसाठीची आहे. मॉडेल रेल्वेच्या खोक्यांवर बहुधा '१४ वर्षांवरील' असं छापलेलं असतं. मग हे खेळणं की नाही? बंदरावरच्या अधिकाऱ्यानं याचं उत्तर एका बाजूनं दिलं तर माल सुटतो, दुसऱ्या बाजूनं दिलं तर अडकतो. आणि वर्षाला काही शे खोकी भारतात विकणारी परदेशी कंपनी तेवढ्यासाठी परवान्याची, कारखाना तपासणीची यातायात कशाला करेल?

या धोरणाचा फायदा झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सरकारच्या आकडेवारीनुसार २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात खेळण्यांची आयात सुमारे ७० टक्क्यांनी घटली आणि निर्यात सुमारे ६१ टक्क्यांनी वाढली. २०२५ च्या अर्थसंकल्पात भारताला खेळण्यांचं जागतिक केंद्र बनवण्याची घोषणाही झाली. बाहुल्या, मोटारी, कोडी, सॉफ्ट टॉइज यांच्या बाबतीत शुल्काच्या भिंतीआड देशी कारखाने उभे राहू शकतात, कारण गिऱ्हाईक लाखोंनी आहे.

रुळांचं तसं नाही. मोठ्या संख्येची ताकद काय असते, हे सावंगीला वेगळं सांगायला नको. मेडिकल कॉलेज आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाच्या भोवती वाढलेलं हे गाव. मार्च २०२० मध्ये पीपीई किट मिळत नव्हते तेव्हाचे दिवस इथल्या प्रत्येकाला आठवतात. पण दोन-तीन महिन्यांत देशात रोज लाखोंनी किट शिवले जाऊ लागले. का? मागणी प्रचंड होती, विकत घेणारं सरकार होतं आणि शिवणयंत्रं आधीपासून होती. मॉडेल रुळांना यातलं पहिलं आणि दुसरं दोन्ही नाही. गिऱ्हाईक हजारांत, तेही देशभर विखुरलेलं. भिंत कितीही उंच केली तरी तिच्या आड कारखाना उभा राहत नाही. फक्त माल महाग होतो.

कौशल्याची कमतरता आहे असंही नाही. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या विमानांच्या प्लास्टिक किटच्या कितीतरी खोक्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेलं आहे. साचे चालवणारे हात आपल्याकडे आहेत. घरचा बाजार तेवढा नाही.

तसाही तो रूळ आपला नव्हताच

गंमत बघा. जगात सर्वांत जास्त चालणारा मॉडेल रूळ एचओ स्केलचा. प्रमाण १:८७, दोन पट्ट्यांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. १६.५ ला ८७ नं गुणा, येतात १,४३५ मिलिमीटर. ही झाली युरोप-अमेरिकेची 'स्टँडर्ड गेज'. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची. एचओमध्ये तिचा रूळ १९.३ मिलिमीटर रुंद हवा, आणि तो तयार असा दुकानात मिळत नाही. म्हणजे वर्धा जंक्शनचा लेआउट करणारा प्रत्येक जण सुकाळातसुद्धा परक्या मापाच्या रुळावर आपली गाडी चालवत असतो. एचओचा तयार रूळ जवळपास कुठे बरोबर बसत असेल तर नागपूर मेट्रोला, कारण ती १,४३५ च्या गेजवरच धावते.

आता विदर्भाच्या नॅरो गेजकडे बघा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला आणि आपल्या जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी, दोन्ही ७६२ मिलिमीटरच्या. एचओ प्रमाणात ते होतात ८.८ मिलिमीटर. आणि एन स्केलचा तयार रूळ असतो ९ मिलिमीटरचा! म्हणजे एन स्केलचा रूळ आणि त्याच स्केलच्या एखाद्या जुन्या इंजिनाची चाकं-मोटर घेतली, वर १:८७ मापाची बॉडी कार्डबोर्डची केली, की शकुंतला जवळपास अचूक मापात उभी राहते. एन स्केलचा रूळ नुसताच टाकला तर तो मोठ्या गाडीचा वाटतो, स्लीपर फार जवळजवळ दिसतात. मधले काही स्लीपर कापून काढले की फरक लगेच कळतो, आणि कापलेले स्लीपर पुढे कामाला येतात. संदर्भ हवा असेल तर नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरो गेज रेल्वे संग्रहालय आहेच. मोजपट्टी आणि वही घेऊन जा.

वर्ध्याकडे याचं जुनं उत्तर आहे

'बाहेरून येत नाही, मग करू हातानं' हा विचार वर्ध्याला नवा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाललं. हातकामातून शिक्षण ही नई तालीमची कल्पना ऑक्टोबर १९३७ च्या वर्ध्यातल्याच परिषदेत मांडली गेली. मगन संग्रहालय १९३८ चं. मॉडेल रेल्वे आणि चरखा यांची सांगड थोडी ओढूनताणून वाटेल, पण मुद्दा तोच आहे. जी वस्तू कारखान्याला परवडत नाही, ती हाताला परवडू शकते.

हातानं रूळ घालणं ही जगभरच्या मॉडेल रेल्वेवाल्यांची जुनी पद्धत आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉपर क्लॅड बोर्ड मिळतो, तोच ज्यावर आपण सर्किट बनवतो. त्याच्या तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. हे झाले स्लीपर. प्रत्येक पट्टीच्या मधोमध करवतीनं किंवा कानशीनं तांब्याला एक बारीक खाच पाडायची, म्हणजे दोन्ही पट्ट्यांमधली वीज एकमेकींना भिडत नाही. मल्टीमीटर लावून तपासायचं. बीप वाजली तर खाच अपुरी. मग कागदावर छापलेल्या नकाशावर स्लीपर चिकटवायचे आणि रूळ सोल्डर करायचा.

आपल्या ब्रॉडगेजवर मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर असतात. एचओमध्ये तेच अंतर ठेवलं तर एक मीटर मॉडेल रुळाला १४५ च्या आसपास स्लीपर लागतात. घाबरू नका, सगळे तांब्याचे नको. दर पाचवा तांब्याचा, मधले लाकडी किंवा कागदी पुठ्ठ्याचे. म्हणजे तीसेक स्लीपर, साठेक टाके. हात बसला की एका रविवारचं काम.

यातली खरी अडचण रुळाची पट्टी. तिचा छेद घरी बनत नाही. त्यावर उपाय म्हणजे मोडके रूळ. स्लीपर तुटले, फिशप्लेट हरवल्या, रंग उडाला म्हणून लोक रूळ फेकून देतात. पण आतली निकेल सिल्व्हरची पट्टी धडधाकट असते. ती ओढून काढा, नव्या स्लीपरवर लावा. आणि हो, १९.३ मिलिमीटरची खरी ब्रॉडगेज करायची तर प्रत्येक चाकजोडी पण रुंद करावी लागेल. म्हणून पहिल्याच फटक्यात त्या भानगडीत पडू नका.

थ्रीडी प्रिंटर हा दुसरा रस्ता. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांमध्ये तो असतो, कॉलेजातही असतो. स्लीपरचा सांगाडा छापायचा आणि त्यात पट्टी सरकवायची. फक्त वर्ध्याचा मे महिना लक्षात ठेवा. पीएलए प्लास्टिक साठेक अंश सेल्सिअसला मऊ पडतं. टिनाच्या छताखाली किंवा बंद गाडीत ते वाकडं झालंच म्हणून समजा. पीईटीजी त्यापेक्षा बरं. उन्हाळ्यात धातूही वाढतो. तीस अंशांच्या फरकानं एक मीटरची पट्टी साधारण अर्धा मिलिमीटर लांबते, म्हणून जोडांत बारीक फट ठेवा. खरे रूळही याच कारणानं उन्हाळ्यात जपावे लागतात.

दोन सांधे, ६,७२० कोडी

तुटवड्यातला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कमी रुळांत खेळ रंगवणं. आपल्या डोक्यात मॉडेल रेल्वे म्हणजे गोल फिरणारी गाडी. गोलाला रूळ जास्त लागतो आणि दहा मिनिटांत कंटाळाही येतो. ब्रिटनच्या अॅलन राइट यांचा 'इंगलनूक सायडिंग्ज' नावाचा छोटा लेआउट प्रसिद्ध आहे. दोन सांधे, तीन सायडिंग. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. एकूण आठ वाघिणी. त्यातून चिठ्ठी काढून पाच निवडायच्या आणि चिठ्ठीत आलेल्याच क्रमानं गाडी लावायची. आठातून पाच, क्रमासह, म्हणजे ८ × ७ × ६ × ५ × ४. उत्तर ६,७२०. रोज एक कोडं सोडवलं तरी अठरा वर्षं पुरेल.

हाच लेआउट पुलगावच्या गिरणीचा करा. कापसाच्या वाघिणी, मागे पत्र्याची गोदामं, एक छोटं शंटिंग इंजिन. एका फळीवर मावेल, होस्टेलच्या पलंगाखाली सरकेल. शंटिंग म्हणजे काय, सांधेवाल्याचं डोकं कसं चालतं, हे त्यातून कळतं.

आणि रूळ अजिबात नसतील तर? ओपन रेल्स हे मोफत सिम्युलेटर संगणकावर चालतं. १९८९ पासून चालत आलेल्या आयआरएफसीए या भारतीय रेल्वेप्रेमींच्या मंडळाकडे सिग्नल, इंजिनं, मार्ग यांची अफाट माहिती जमा आहे. आधी अभ्यास करा, रूळ मागून येतील.

मागायचं काय?

हातानं रूळ घालणं सुंदर आहे, पण तो धोरणाला पर्याय नाही. ज्याच्याकडे वेळ आणि सोल्डरिंग गन आहे तो तगेल. आठवीतल्या पोराला मात्र पहिला रूळ विकतच हवा असतो. आज तो पुण्या-मुंबईतल्या किंवा परदेशात नातेवाईक असलेल्या घरांनाच मिळतो. सुटकेसमधून काका आणतो आणि पुतण्याची गाडी धावते. सावंगीच्या पोराचा काका अमेरिकेत नसेल तर त्याचं काय?

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांना खुलं आहे. शाळांच्या सहली तिथं जातात, पोरं काचेला नाक लावून बघतात. एका माणसाच्या छंदातून एवढं उभं राहू शकतं. पण तो छंद जडायला आधी हातात रूळ यावा लागतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. मोजमापाची मॉडेलं आणि त्यांचे सुटे भाग यांना मुलांच्या खेळण्यांपासून वेगळी शुल्क-ओळ द्या. '१४ वर्षांवरील' मालाला बीआयएसचा नियम लागू आहे की नाही, ते स्पष्ट लिहून द्या. खेळण्यांचं जागतिक केंद्र व्हायचं तर भारतीय मापाचे, १,६७६ चे रूळ बनवायला एखाद्या छोट्या उद्योगाला साचा काढून द्या. तो साचा एकदा झाला की जगभरचे भारतीय रेल्वेप्रेमी गिऱ्हाईक होतील, कारण हे माप दुसरं कोणी बनवत बसणार नाही. आणि वर्ध्यातच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. असा प्रयोग करायला जागा शोधत फिरायची गरज नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब हा नवा रेल्वेमार्ग सुरू झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा तो पहिला तुकडा. उरलेला मार्ग बांधायला, त्यावरचे सिग्नल सांभाळायला माणसं लागणार आहेत. त्यातली काही आज सावंगीत नववी-दहावीत असतील.

तुटवड्यात काय कराल?

• आधी कागदावर लेआउट काढा, मग रूळ मोजा. उलटं केलं की अर्धे रूळ पडून राहतात आणि नेमका हवा तो तुकडा नसतो.

• वेगवेगळ्या कंपन्यांचे रूळ घेताना पट्टीची उंची बघा. 'कोड १००' म्हणजे ०.१०० इंच, 'कोड ८३' म्हणजे ०.०८३ इंच. दोन्ही जोडायचे तर मध्ये खास जोडपट्टी लागते.

• वळणांसाठी लवचीक 'फ्लेक्स' रूळ घ्या. एकाच लांब तुकड्यातून हवं ते वळण मिळतं, जोड कमी होतात.

• जुना रूळ घेताना धातू ओळखा. चुंबक चिकटलं तर लोखंडी, गंजणार. पिवळा असेल तर पितळी, सारखा पुसावा लागेल. चंदेरी आणि चुंबकाला न चिकटणारा असेल तर घ्या.

• रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. ते सावंगीच्या कुठल्याही मेडिकलवर विचारा. पॉलिश पेपरनं घासू नका, ओरखड्यांत घाण आणखी साचते.

• सांधे सर्वांत महाग. पैसे आधी त्यांवर खर्च करा, सरळ रूळ हातानं घाला.

• परदेशी मागणी चार-पाच जणांनी मिळून द्या. शुल्क कमी होत नाही, पण पाठवणीचा खर्च वाटला जातो.

• सोल्डरिंग खिडकीजवळ करा. आणि आईची ट्युबलाइटखालची चांगली जागा घेण्याआधी तिला विचारा.